कंपनी कोणती

अण्णा महूला पलटणीच्या मेसमध्ये हिशेब लिहायचे.
सकाळची छोटी लाईन, राऊला ठरलेला खोळंबा,
संध्याकाळी परत. डब्यात
उरलेली अर्धी पोळी
आणि एखादा इंग्रजी शब्द.

घरात कधी कुणाला मेल्या म्हटलं नाही त्यांनी.
धाकट्याच्या तोंडून च्यायला निघालं तेव्हा
न्हाणीत नेऊन चूळ भरायला लावली,
एकदा नाही, तीनदा.
पण रामबागेच्या वळणावर साखळी उतरली की
काळ्या बोटांनी ती बसवता बसवता म्हणायचे,
ब्लडी सायकल.
मेजर भुल्लरसाहेब म्हणत असतील तस्सं,
पहिल्या अक्षरावर रेलून.

आईला वाटलं, नाव आहे.
कुणाची हर्क्युलिस, कुणाची ॲटलस,
आपली ब्लडी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला
विपटवहिनींनी सहज विचारलं,
स्टेशन तर लांब, हे जातात कसे?
आई म्हणाली, ब्लडी आहे ना.
जुनी आहे, पण दणकट.
मिशन शाळेतल्या उजगरेबाईंच्या हातून तिळाचा लाडू निसटला.
उचलायला वाकल्या त्या
बराच वेळ वर आल्याच नाहीत.

त्या रात्री दिवा मालवल्यावर आईनं विचारलं.
मी जागी होते.
अण्णा सांगत होते, कोर्टात साक्ष दिल्यासारखे:
कुणी म्हणतं, रक्तानं माखलेलं.
कुणी म्हणतं, ती मेरीमातेची शपथ होती,
झिजून झिजून एवढीच उरली.
खात्रीनं कुणी सांगत नाही.
साहेबाच्या देशात पूर्वी छापतानासुद्धा
मधली अक्षरं गाळून रेघ ओढायचे.

आई गप्प. मग म्हणाली,
म्हणजे आईशप्पथच की.
थोड्या वेळानं पुन्हा,
धाकट्याच्या च्यायलातही आईच होती हो. झिजलेली.
त्याला चूळ का भरायला लावलीत?

पलंग करकरला.
अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले,
तू पोरांना दिवसभर डँबिस म्हणतेस,
ते मूळचं डॅम बीस्ट आहे म्हणतात.
शापित जनावर.
असेल, आई म्हणाली,
माझ्याकडे येईतो त्याला
न्हाऊमाखू घातलंय कुणीतरी.

आता राजेंद्रनगरच्या फ्लॅटात माझी भाची
दूध उतू गेलं तरी शिट,
नेट गेलं तरी शिट,
उसळीवर शेव मनासारखी पडली तर डॅम!
कुणी मान वर करत नाही,
तिच्या सासूबाईही नाहीत, त्या तर हल्ली
रिमोट सापडला नाही की तेच म्हणतात.
मी मात्र एकदा लाडानं म्हटलं, अगं सटवे,
तर दोन दिवस बोलली नाही.
सटवी म्हणजे देवी, सहाव्या रात्री येऊन
कपाळावर लिहून जाणारी,
हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

सांगायचं होतं ते खरं अटालेवाल्याचं.
अण्णा गेले त्याच्या पुढच्या दिवाळीत
सायकल ओट्याखालून बाहेर काढली.
टायर नव्हतेच. समोरची पट्टी
गंजून कधीच गळून पडलेली.
ठेल्यावर वही उघडून तो म्हणाला,
माताजी, कौनसी कंपनी की है?

अर्थ कळून आईला तेव्हा
तीस वर्षं झाली होती.
तिनं पदरानं सीटवरची धूळ पुसली,
मग घंटी. घंटी वाजली नाही.
चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाली,
ब्लडी.

त्यानं पेन्सिल जिभेला लावली,
लिहून घेतलं,
आणि काटा उचलला.
अठरा किलो. कॅरिअर धरून.